बारा विरुद्ध दहा

मी आयर्लंडमधल्या एका कौंटी कौन्सिलमध्ये सोळा वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिली. सभेला कोण हजर होतं, ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, मतं किती पडली, हे टिपून ठेवायचं आणि पुढच्या सभेत मंजूर करून त्यावर अध्यक्षांची सही घ्यायची. सही झाली की त्यात लिहिलंय तेच घडलं, असं कायदा मानतो. कौन्सिलचं नाव सांगणार नाही. माणसं हयात आहेत, आणि दिवाळी अंक हल्ली फोनवरही फिरतात. मी राहते नास नावाच्या गावात आणि ऑफिस दुसऱ्या कौंटीत, गाडीने पाऊण तासावर होतं, एवढं पुरे. या सप्टेंबरात मी निवृत्त झाले.

बाहेरच्यांना हे काम फार कोरडं वाटतं. तसं ते नाही. आमच्या एका सदस्यांना सभेत विनोद करायची हौस होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन यायचा, "माझा विनोद घेतलास ना?" मी सांगायची, इतिवृत्तात ठराव घेतात, विनोद नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी तोच विनोद रस्त्याच्या विषयावर दुरुस्ती म्हणून रीतसर मांडला, शेजारच्याने हसू दाबत अनुमोदन दिलं, आणि मला तो शब्दन् शब्द लिहावा लागला. आजही तो आमच्या दप्तरात आहे. प्रेक्षकांच्या बाकावर दर महिन्याला एक बाई विणकाम घेऊन बसायच्या. सभा संपली की माझ्याजवळ येऊन कुठल्या वाडीचं स्पेलिंग मी चुकवणार आहे ते आधीच सांगून जायच्या. आणि बहुतेक वेळा मी तेच चुकवणार असायची.

माझं नाव वसुधा. ते तिथे कुणालाच धड जमलं नाही. पुढे मायकल जो नावाचे एक म्हातारे सदस्य निवडून आले, त्यांनी पहिल्या आठवड्यातच त्याचं 'सू' करून टाकलं, आणि मग सगळ्या कौन्सिलसाठी मी सू झाले. हे सगळं सांगायचंय ते या मायकल जोंबद्दलच.

त्याआधी कौन्सिल म्हणजे काय ते थोडक्यात. आपली नगरपरिषद आणि जिल्हा परिषद एकत्र केली, त्यातून शाळा काढून घेतल्या, की जे उरेल ते आयर्लंडची कौंटी कौन्सिल. रस्ते, घरकुलं, ग्रंथालयं, अग्निशमन, दफनभूमी, तरणतलाव हे तिच्याकडे. सदस्य निवडून येतात, पण रोजचा कारभार मुख्याधिकाऱ्याच्या हातात. सदस्य वर्षभर ठराव करतात, मुख्याधिकारी ते नम्रपणे ऐकून घेतात. फक्त एका गोष्टीत सदस्यांच्या मतावाचून पान हलत नाही, ती म्हणजे अर्थसंकल्प. दर नोव्हेंबरात तो मंजूर करावाच लागतो. ठरलेल्या मुदतीत झाला नाही, तर सरकार सगळ्या सदस्यांना घरी पाठवून प्रशासक नेमू शकतं.

प्रशासक म्हणजे काय हे मला तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. लग्नाआधी मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या नगरपरिषदेत लिपिक होते. तिथे दोन वर्षं प्रशासक होता. माणूस वाईट नव्हता. पण सभागृहाला कुलूप लागलं आणि गटाराची, दिव्याची तक्रार घेऊन येणारी माणसं हळूहळू यायचीच बंद झाली. कुणाला भेटणार? साहेब जिल्ह्याच्या गावी असायचे.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये लॉकडाउन लागलं आणि आमच्या कौन्सिलचे पैसे आटायला लागले. दुकानांवरचा कर, पार्किंग, नाट्यगृह, तरणतलावांची फी, सगळं एकाच वेळी थांबलं. दुकानांचा कर सरकारने माफ केला आणि त्याची भरपाईही दिली, पण बाकीच्या खड्ड्याचं काय करायचं हे आमचं आम्हाला बघायचं होतं. आमची वित्तप्रमुख फिओना. सरळ, बोलकी, रागावली की जास्त हळू बोलणारी. तिने उन्हाळाभर आकडे जुळवले आणि नोव्हेंबरात जो मसुदा ठेवला, त्यात मायकल जोंच्या गावचा तरणतलाव एक वर्ष बंद ठेवायचा होता.

मायकल जो तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पूर्वी गावात त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. गावाची स्वतःची छोटी नगरपरिषद होती, तिचे ते पंचवीस वर्षं सदस्य. काही वर्षांपूर्वी सरकारने देशभरातल्या अशा सगळ्या छोट्या परिषदा एका फटक्यात रद्द केल्या, तेव्हा ते कौंटीवर निवडून आले. तो तलाव त्यांनीच तरुणपणी गावात वर्गणी गोळा करून बांधायला लावला होता. त्यामुळे मसुदा बाहेर पडताच त्यांनी स्थानिक पेपराला सांगितलं, "तलावाला हात लावणाऱ्या बजेटला माझं मत मिळणार नाही." पेपराने ते पहिल्या पानावर छापलं.

सदस्य अगदी मधोमध फुटले. विरोधकांचा म्होरक्या डेक्लन, चाळिशीतला वकील. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तो म्हणायचा, "या साथीत सरकार आपल्याला बरखास्त करायला धजावणार नाही. बजेट पाडा, मग बघा डब्लिनहून पैसे कसे येतात." फिओना म्हणायची, "आणि नाही आले तर?"

पहिली सभा तहकूब झाली. दुसरीही झाली.

त्या दिवसांत मी आणखी एक काम करत होते. शंभर वर्षांपूर्वी आमच्या कौन्सिलने लंडनचं सरकार मानायचं नाकारून आयरिश बंडखोरांच्या संसदेशी इमान जाहीर केलं होतं. त्याचं छोटं प्रदर्शन करायचं ठरलं होतं, म्हणून मी दप्तरखान्यातून त्या वेळची इतिवृत्ताची वही काढून वाचत होते. लंडनने लगेच अनुदान बंद केलं होतं. पानापानावर तीच रड: रस्त्याला खडी नाही, दवाखान्यात कोळसा नाही, नर्सचा पगार कुठून द्यायचा? सैनिक वही जप्त करतील म्हणून चिटणीस ती सभेनंतर शेतातल्या घरांत लपवत असे, म्हणून तिला ओल लागलेली. पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ज्या ठरावापायी तुरुंगात जावं लागेल, त्याखालीही त्या चिटणिसाने कोण बाजूने आणि कोण विरोधात ते नावानिशी लिहिलं होतं. प्रदर्शन साथीमुळे रद्द झालं. वही मी परत ठेवून आले.

तिसरी सभा मुदतीच्या शेवटच्या दिवशी. आमचं सभागृह लहान, दोन दोन मीटरचं अंतर ठेवायचं, म्हणून सभा एका हॉटेलच्या लग्नाच्या हॉलमध्ये भरायची. वर झुंबरं, खाली एकेक सदस्य एकेका छोट्या टेबलाशी, परीक्षेला बसल्यासारखा. त्यातून नियम असा की एका खोलीत दोन तासांच्या वर बसायचं नाही. आम्ही पाच मिनिटं राखून एकशे पंधरा मिनिटं धरायचो. बोलण्यासाठीच निवडून आलेल्या बावीस माणसांना एकशे पंधरा मिनिटांत गप्प करणं हे अर्थसंकल्पापेक्षा अवघड काम होतं. माइक एकच. प्रत्येक वक्त्यानंतर हॉटेलची एक मुलगी तो पुसून पुढच्याला द्यायची. त्यातच बराच वेळ गेला.

मतदान सुरू व्हायच्या वेळी सहा मिनिटं उरली होती. नावानिशी मतदान घेताना मी नाव पुकारायची, सदस्य उत्तर द्यायचा आणि ते उत्तर मी मोठ्याने परत म्हणायची. इतक्या वर्षांत ही पद्धत मी एकदाही मोडली नव्हती. त्या दिवशी अध्यक्षबाई म्हणाल्या, "सू, वेळ नाही. नुसती नावं घे." मी ऐकलं. ती माझी चूक.

मायकल जोंचं नाव आलं. मास्कची दोरी कानातल्या यंत्रात अडकायची म्हणून त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं होतं. मी हात वर करून त्यांच्याकडे बघितलं. ते मास्कच्या आत काहीतरी तुटक पुटपुटले. मला त्यात 'फॉर'सारखं ऐकू आलं. मी 'बाजूने'च्या रकान्यात खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.

बेरीज झाली. बाजूने बारा, विरोधात दहा. अध्यक्षबाईंनी अर्थसंकल्प मंजूर झाल्याचं जाहीर केलं. फिओनाने दोन्ही हात टेबलावर ठेवून त्यावर कपाळ टेकलं. मायकल जो तोवर टोपी घालून दारापर्यंत गेलेही होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेक्लनचा फोन आला.

"सू, मायकल जोंचं मत तू काय लिहिलंयस?"

"बाजूने."

"मी शेजारच्या टेबलाशी होतो. ते महाशय 'अगेन्स्ट' म्हणाले. मी स्वतः ऐकलं."

"मला 'फॉर' ऐकू आलं."

"गावासमोर शपथ घेतलेला माणूस 'फॉर' म्हणेल? जरा विचार कर. पुढच्या सभेत इतिवृत्त मंजुरीला येईल तेव्हा मी हरकत घेणार आहे. आताच सांगून ठेवतो."

त्याने धमकी दिली नाही. अगदी सभ्यपणे सांगितलं, म्हणून मी जास्त घाबरले. फोन ठेवून मी कागदावर हिशेब मांडला. ते एक मत इकडचं तिकडे गेलं की अकरा-अकरा. समान मतं पडली की निर्णायक मत अध्यक्षांचं, आणि अध्यक्षबाईंनी स्वतः विरोधात मत दिलेलं. म्हणजे अर्थसंकल्प नामंजूर. मुदत तर काल संपली होती.

मी फिओनाकडे गेले. तिने दार लावून घेतलं.

"तू काय ऐकलंस?" तिने विचारलं.

"मला वाटतं 'फॉर'."

"वाटतं नको म्हणूस, सू. ऐकलं म्हण."

"त्यांना विचारून घेते."

"अजिबात नाही." आवाज एकदम खाली आला. "अध्यक्षांनी निकाल जाहीर केलाय. कुणी उठून हरकत घेतली नाही. तू विचारलंस आणि ते 'अगेन्स्ट' म्हणाले तर? तुला आणि मला ते कळलेलं असेल, मग काय करशील? सगळ्या कौन्सिलवर प्रशासक आणशील, एका पुटपुटण्यावरून?"

ती वाईट बाई नव्हती. आठ महिने तिने तो अर्थसंकल्प उभा केला होता. साफसफाईच्या माणसांपैकी एकालाही काढायचं नाही म्हणून तिने तलावावर कात्री चालवली होती, हे मला ठाऊक होतं.

घरी आले, श्रीकांतला सांगितलं. नवऱ्याचं आपलं सरळ, संगणकवाल्यांचं उत्तर, "सिस्टिममध्ये जे नोंदलं गेलं ते खरं. सोडून दे ना."

सोडून देता आलं नाही, त्याला एक कारण होतं, ते मी श्रीकांतलाही कधी सांगितलेलं नव्हतं. मी सव्वीस वर्षांची असताना, त्या विदर्भातल्या नगरपरिषदेत, एकदा मुख्याधिकारी साहेबांनी मला प्रोसिडिंगची वही घेऊन आत बोलावलं. एका ठरावाखाली तीन ओळी कोऱ्या होत्या. "तिथे हे लिही," म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. शाळेच्या खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठवण्याचा तो ठराव होता. सभेत असं काही झालंच नव्हतं. मी तिथे होते. पण नोकरी नवी होती, घरी वडील आजारी होते, आणि साहेब मला "बेटा" म्हणायचे. मी त्याच पेनने, त्याच अक्षरात ते लिहिलं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. कधीच कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन वर्षांनी त्या मैदानावर दुकानांचे गाळे उभे राहिले. सुट्टीत माहेरी गेले की मी अजून त्या रस्त्याने जायचं टाळते.

आता तसं कुणी मला सांगत नव्हतं. कदाचित मी लिहिलेलं बरोबरच होतं. पण बरोबर असेल असं धरून गप्प बसायचं, हे मला परत त्या तीन ओळींसारखंच वाटायला लागलं.

मी मायकल जोंना फोन लावला. तीनदा. कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी परत लावला. शेवटी अत्यावश्यक कामाचं पत्र पर्समध्ये टाकलं, फिओनाला फक्त "बाहेर जाऊन येते" एवढं सांगितलं आणि गाडी काढली.

त्यांचं घर गावाबाहेर, बैठं, पांढऱ्या खिडक्यांचं. बारीक पाऊस पडत होता. दार वाजवलं तर मायकल जो खिडकीत आले आणि हातानेच 'आत नको' म्हणाले. सत्तरीपुढच्यांनी कुणाला घरात घ्यायचं नाही अशा तेव्हाच्या सूचना. मी फुलझाडांच्या वाफ्यात पाय ठेवून खिडकीपाशी उभी राहिले आणि काचेतून विचारलं. त्यांनी कानाकडे बोट दाखवलं. ओरडून विचारावं तर शेजारी एक गृहस्थ कचऱ्याचा डबा आत नेता नेता थबकले होते. डबा न्यायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ ते घेत होते.

मग मी पर्समधून विषयपत्रिकेचा कागद काढला, मागच्या बाजूला जाड पेनने लिहिलं, 'बजेटवर तुमचं मत काय होतं? बाजूने की विरोधात?' आणि काचेला लावून धरला.

मायकल जोंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून त्यांच्या पत्नी नोरा आल्या. भांडी पुसायचा कपडा हातात. त्यांनी गळ्यात लटकवलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, कागद सावकाश वाचला आणि मग नवऱ्याकडे वळून बघितलं.

मला वाफ्यातून पळून जावंसं वाटलं.

मायकल जोंनी टेबलावरचं एक पाकीट घेतलं, त्याच्या मागे काहीतरी लिहिलं आणि काचेला लावलं. इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द होते: अर सन. मला अर्थ कळला नाही. इतक्या वर्षांत सभेची आयरिश भाषेतली सुरुवात आणि शेवट मी पाठ केला होता, बाकी माझी आयरिश शून्य. मी खांदे उडवले. तेव्हा नोरांनी पुढे होऊन खिडकी उघडली.

"आयरिश आहे ते," त्या म्हणाल्या. "अर सन म्हणजे बाजूने. विरोधातला शब्द वेगळा असतो." मग नवऱ्याकडे न बघता, "बाजूने दिलंय यांनी."

मला किती हलकं वाटलं ते सांगता येणार नाही. त्याच क्षणी लाजही वाटली, कारण समोर दुसऱ्याच्या घरात काहीतरी मोडत होतं.

मायकल जोंनी खिशातून यंत्र काढून कानात घातलं.

"मंगळवारपासून सांगणार होतो," ते नोरांना म्हणाले. "पेपरचा बातमीदार वर गॅलरीत बसला होता. त्याला आयरिश येत नाही. म्हटलं आधी घरी येऊन तुला स्वतः सांगावं. मग धीर झाला नाही."

नोरा तीस वर्षं रोज सकाळी त्या तलावात पोहायच्या. गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं. हे मला नंतर कळलं.

"मला ठाऊक होतं," नोरा म्हणाल्या. "एकोणपन्नास वर्षं झाली लग्नाला. मंगळवारी घरी आलात आणि न सांगता भांडी पुसायला घेतलीत, तेव्हाच ओळखलं."

मायकल जो माझ्याकडे वळून म्हणाले, "तू त्या दिवशी नव्हतीस, सू. आमची नगरपरिषद बंद झाली तो दिवस. शेवटची सभा झाली, आम्ही एकमेकांचा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या सोमवारी एक बाई पाण्याची तक्रार घेऊन नेहमीप्रमाणे आली, तर दाराला कुलूप. ती माझ्या दुकानात येऊन रडली. तिला सांगायला माझ्याकडे कुणाचं नाव नव्हतं. डेक्लन हुशार आहे, पण कुलूप त्याने बघितलेलं नाही. तलाव वर्षाने परत उघडता येईल. कौन्सिल गेली तर तलाव उघडा म्हणून कुणापुढे भांडू?"

मी विदर्भातल्या त्या कुलपाबद्दल सांगणार होते, पण त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"एक विचारू? इतिवृत्तात नुसती बेरीज लिहिता येईल का? नावं न घालता?"

ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मला 'हो' म्हणायची फार इच्छा झाली.

"नाही येणार," मी म्हणाले. "नावानिशी मतदान होतं. नाव येणारच."

त्यांनी मान हलवली. "वाटलंच होतं. विचारून बघितलं."

"लिही तू," नोरा म्हणाल्या. "आणि आता वाफ्यातून बाहेर ये. माझे कंद आहेत तिथे. चहा घेशील? खिडकीतून देते."

तो चहा मी भिंतीच्या कठड्यावर बसून, पावसात, कपाला झाकण म्हणून बशी ठेवून प्यायले. आणि परत येताना गाडीत मोठमोठ्याने रडले. दुःखाने नाही. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं एकदम सुटलं, एवढंच.

फिओनाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "ते 'विरोधात' म्हणाले असते तर तू मला येऊन सांगितलं असतंस?"

"हो."

"मला भीती होती तीच." आणि मग तिने मला मिठी मारायला हात पसरले, अंतराचा नियम आठवला, आणि तसेच खाली घेतले.

डिसेंबरच्या सभेत इतिवृत्त मंजुरीला आलं. डेक्लनने सांगितल्याप्रमाणे हरकत घेतली. अतिशय नेमक्या शब्दांत, वकिलासारखी. हॉलमध्ये कुजबुज झाली. अध्यक्षबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही बोलायच्या आत मायकल जो उठले. माइक घेऊन येणाऱ्या मुलीला त्यांनी हाताने थांबवलं, मास्क हनुवटीखाली ओढला आणि इंग्रजीत, गॅलरीतल्या पेपरवाल्याकडे तोंड करून, सायकलच्या दुकानातून रस्त्यापलीकडे हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, "फॉर. मी बाजूने मत दिलं. त्या दिवशी आयरिशमध्ये म्हणालो, आज सगळ्यांना कळेल असं म्हणतो. सूने बरोबर लिहिलंय."

डेक्लनने हरकत मागे घेतली. सभा संपल्यावर माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मला खरंच 'अगेन्स्ट' ऐकू आलं होतं, सू."

"माहीत आहे," मी म्हणाले. आणि ते खरं होतं. मला तरी कुठे नीट ऐकू आलं होतं? मी नशिबाने बरोबर ठरले होते. तेव्हापासून कितीही घाई असो, प्रत्येक मत मी परत मोठ्याने म्हटल्याशिवाय पुढे गेले नाही. अध्यक्ष वैतागले तरीही.

मायकल जोंना ते मत महागात पडलं. गावातले काही जण चर्चच्या दारात त्यांना बघून न बघितल्यासारखं करायला लागले. दुकानाच्या जुन्या शटरवर कुणी काहीबाही रंगवून गेलं. पुढच्या निवडणुकीला उभं राहणार नाही असं त्यांनी सांगून टाकलंय. एकवीसच्या उन्हाळ्याअखेरीस सरकारकडून थोडा पैसा आला, तेव्हा प्रत्येक सभेत ते तलावाचा विषय काढायचे, प्रत्येक सभेत. शेवटी वर्ष पुरं व्हायच्या आधीच तलाव उघडला, सकाळचे तीन तास का होईना. नोरांचा गुडघा मधल्या काळात बराच आखडला, तो पूर्वीसारखा झालेला नाही. हेही लिहायला हवं.

पण मला त्या डिसेंबरच्या संध्याकाळबद्दल सांगून थांबायचंय. अध्यक्षबाईंनी सही केली. मी शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले, मग वही ऑफिसात नेऊन कपाटात ठेवली, किल्ली फिओनाला दिली आणि निघाले. साडेचारलाच अंधारून आलं होतं. कौंटीच्या हद्दीवर पोलिसांनी शंकू लावून गाड्या थांबवल्या होत्या, कारण तेव्हा एका कौंटीतून दुसरीत कामाशिवाय जायची बंदी होती. एक तरुण पोलीस खिडकीशी आला. मी काच खाली केली आणि पत्र पुढे केलं.

"कुठून येताय?"

"कौन्सिलच्या सभेहून."

"अरे देवा," तो म्हणाला. "काही क्रॅक?"

आयर्लंडमध्ये क्रॅक म्हणजे काही मजा, काही विशेष. त्याला काय सांगणार?

"इतिवृत्त मंजूर झालं," मी म्हणाले.

त्याने टॉर्चच्या उजेडात पत्र बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी हसत होते, मास्कच्या आतून, ते बहुतेक डोळ्यांवरून त्याला कळलं असावं.

"ग्रँड," तो म्हणाला आणि शंकू बाजूला केला. "जा आता घरी."